कापूस निंगला का देतो जी

खोली पाहायला बापलेक आले की मी आधी बाप काय विचारतो ते ऐकते. पोराचा प्रश्न ठरलेला असतो: वायफाय आहे का, काकू? बापांचे प्रश्न मात्र सारखे नसतात, आणि पहिल्याच प्रश्नात त्या घरात पैसा कुठून येतो नि कोणत्या तारखेला येतो ते कळून जातं. कायम नोकरीतला बाप बाथरूमचं दार उघडतो, नळ सोडून पाण्याचा जोर बघतो आणि कूलर बसेल अशी खिडकी आहे का ते विचारतो. ठेकेदाराकडे कामाला असलेला विचारतो, खोलीत स्टोव्ह पेटवला तर चालते का, आणि दोन पोरं राहिली तर किराया तेवढाच राहील ना. शेतकरी बाप फारसं विचारतच नाही. तो भिंतीला तळवा लावून ओल बघतो, छताकडे बघतो, जिना उतरता उतरता थांबतो आणि म्हणतो, "खोली बेस हाय बाई. पैशाचं तेवढं, कापूस निंगला का देतो जी."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. आमचे हे एमआयडीसीतल्या सूतगिरणीत. त्यांच्या निवृत्तीच्या पैशांत आणि वर थोडं बँकेचं कर्ज काढून आम्ही घरावर चार खोल्या चढवल्या. तेव्हापासून माझ्याकडे किरायाची एक वही आहे, लाल पुठ्ठ्याची, किराणा दुकानात मिळते तशी. शाळेची हजेरी कधी एवढ्या लक्ष देऊन वाचली नसेल.

नागपूरच्या दक्षिणेला वर्धा रोडने सुमारे 30 किलोमीटर आलं की बुटीबोरी. एका अंगाला एमआयडीसी, इतकी पसरलेली की नवा माणूस एका फाट्यावर उतरतो आणि त्याची कंपनी दुसऱ्याच टोकाला निघते. कुठे पॉलिस्टरचा धागा निघतो, कुठे टायर, कुठे विजेच्या तारांचे मनोरे. नागपूरच्या वाटेवर, डोंगरगाव-वारंग्याकडे, दोन मोठ्या संस्था आल्या: भारतीय माहिती तंत्रज्ञान संस्था आणि महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ. दोन्ही 2016 सालच्या. आणि वर्धा रोडच्या कडेकडेने अभियांत्रिकीची, तंत्रनिकेतनाची खासगी कॉलेजं. मेट्रो खापरीला येऊन थांबली आहे. ती पुढे बुटीबोरीपर्यंत आणायला केंद्राने डिसेंबर 2022 मध्ये मंजुरी दिली, आणि त्या दिवसापासून चौकातल्या प्रत्येक घरमालकाने मनातल्या मनात किराया वाढवून ठेवला आहे. मेट्रो यायची तेव्हा येईल, बोर्ड मात्र आताच लागले: 'मेट्रोजवळ खोल्या'.

या सगळ्यांच्या मधोमध आमची गल्ली. कामगारालाही खोली हवी, विद्यार्थ्यालाही. दोघांतला कोण किती देऊ शकतो याचीच चर्चा जास्त होते. वहीची पानं उलटताना मला छळतो तो रकमेचा रकाना नाही, त्याच्या शेजारचा तारखेचा.

किराया महिन्याला असतो. हे इतकं उघड आहे की त्यात काही खटकतं असं कोणाला वाटत नाही. मलाही वाटलं नसतं, कारण मी जन्मभर पगारावर जगले. जिल्हा परिषदेचा पगार कधी एक तारखेला झाला नाही ही गोष्ट निराळी, पण महिन्याला एकदा तो यायचा. शेतातला पैसा महिन्याला येत नाही. सोयाबीन ऑक्टोबरात निघतं. कापसाची पहिली वेचणी दिवाळीच्या आगेमागे, मग दुसरी, मग फरदड. तूर जानेवारीत, हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये. शेतावरचा सालगडीसुद्धा गुढीपाडव्याला वर्षाच्या बोलीवर ठरतो. त्या घरात पैशाचा हिशेब हंगामाचा आहे, आणि त्या घरचा पोरगा माझ्याकडे येतो तेव्हा मी त्याला पाच तारीख सांगते.

त्यातही प्रवेशाचा महिना बघा. डिप्लोमा असो की इंजिनिअरिंग, प्रवेशाच्या फेऱ्या जुलै-ऑगस्टात चालतात. त्याच्या थोडं आधी, जूनमध्ये मृग निघतो, पेरणी होते. बियाणं उधार आणलेलं, डीएपीचं पोतं उधार आणलेलं. एखाद वेळी पाऊस दडी मारतो आणि दुबार पेरणी होते. निंदणीच्या बायांना मात्र रोख द्यावं लागतं. अख्ख्या वर्षात शेतकऱ्याचा हात सगळ्यात कोरडा असतो तो याच महिन्यांत, आणि नेमक्या याच महिन्यांत कॉलेजची फी, माझं एका महिन्याचं डिपॉझिट, पहिला किराया, गादी, बादली आणि मेसचा ॲडव्हान्स एकाच आठवड्यात उभे राहतात. पगारदाराचा पोरगा जुलैच्या पहिल्या आठवड्यात येऊन पूर्वेची, खिडकीची खोली धरून जातो. शेतकऱ्याचा पोरगा पोळ्याच्या सुमाराला येतो आणि उरलेली घेतो: पश्चिमेच्या भिंतीची, जिथे एप्रिलनंतर रात्री दोनपर्यंत भिंत गरम असते. दोन्ही खोल्यांचा किराया एकच आहे. त्याला ती वाईट खोली गरिबीमुळे मिळाली असं म्हणणं अर्धवट होईल. दिवाळीनंतर त्याच बापाच्या हातात कदाचित त्या पगारदारापेक्षा जास्त रोख असेल. कॉलेज दिवाळीनंतर भरत नाही, एवढंच.

मागे एकदा ऑगस्टात माझ्या फोनवर पैसे आल्याचा मेसेज आला. रक्कम बरोबर किरायाएवढी, पाठवणाऱ्याचं नाव कुठल्याशा कृषी केंद्राचं. मला वाटलं चुकून आले. वरच्या खोलीतल्या पोराला हाक मारली. तो जिन्यातच थांबला, मान खाली घालून म्हणाला, "काकू, आमचेच हायेत ते. बाबानं दुकानातून टाकायला लावले." मग हळूहळू कळलं. ज्या दुकानातून बियाणं, खत, औषध उधार येतं, त्याच दुकानदाराने पोराचा किरायाही टाकला होता. तो खात्यावर चढला. माल निघाला की सगळं एकत्र वळतं होईल, कापूसही बहुधा त्याच्याच ओळखीच्या व्यापाऱ्याकडे जाईल. म्हणजे माझ्या खोलीचा किराया त्या वर्षी युरियाच्या पोत्याखाली लिहिला गेला. त्या पोराला मी व्याज किती लावतात ते विचारलं नाही. विचारून मी काय करणार होते?

आमच्या भागात रेल्वे आली तीच कापसासाठी. 1867 साली मुंबईहून नागपूरपर्यंत लोहमार्ग झाला, वऱ्हाड-वर्ध्याच्या गाठी बंदराकडे नेण्याची घाई साहेबाला होती. बुटीबोरीच्या स्टेशनवरून आजही गाड्या जातात आणि कापसाचा भाव अजूनही कुठेतरी दूरच ठरतो. 2025-26 साठी केंद्राने लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे 8,110 रुपये हमीभाव जाहीर केला. मग 2025 च्याच ऑगस्टात परदेशी कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क उठवलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणाले, नंतर डिसेंबरअखेरपर्यंत वाढवलं, म्हणजे आमचा कापूस बाजारात येईस्तोवर. गिरण्यांना स्वस्त गाठी मिळाल्या. माझ्या वहीत मात्र दोन नावांपुढचा 'दिवाळीनंतर' खोडून 'संक्रांतीला' असं लिहावं लागलं. अमेरिकेच्या गाठीचा आणि माझ्या पश्चिमेच्या खोलीचा संबंध अर्थशास्त्राच्या मास्तराने कधी शिकवला नव्हता.

ठेकेदाराकडच्या कामगाराचं घर आणखी निराळं. त्याला पैसा महिन्याला मिळतो, पण कोणत्या तारखेला ते ठेकेदाराला माहीत. ओव्हरटाइम लागला तर जास्त, कंपनीत माल कमी गेला तर बसवून ठेवतात. अशा घरातला पोरगा स्वतंत्र खोली सहसा घेत नाही. एमआयडीसीकडे टिनाच्या खोल्यांच्या लांबच लांब लाइनी आहेत, तिथे तो गावाकडच्या दोघा-तिघांत जाऊन मिसळतो. माझ्याकडे काही महिने राहून पुढे तिकडे गेलेला एक डिप्लोमाचा पोरगा होता. एकदा त्याचा आधारकार्डाचा कागद माझ्याकडे राहिला होता, तो द्यायला मी त्या खोलीवर गेले. दहा बाय दहाची खोली. दोरीवर कंपनीचे निळे शर्ट, त्यांच्यातच याचा कॉलेजचा. गाद्या दोन, माणसं चार. एक पहिल्या पाळीला, एक दुसऱ्या, एक तिसऱ्या. पाळीवाला कामावर गेला की त्याची गादी मोकळी होते आणि तिच्यावर दुसरा झोपतो. याची झोपायची वेळ याच्या परीक्षेवर नव्हती, दुसऱ्यांच्या पाळीवर होती. ज्या आठवड्यात तिसरी पाळी लागलेला मित्र दिवसा झोपे, त्या आठवड्यात हा दिवसभर दिवा लावू शकत नसे, खिडकीवर पोतं लावलेलं असे. "मग अभ्यास?" मी विचारलं. म्हणाला, "स्टेशनवर बसतो काकू. फलाटावर लाइट असते, पंखा असते." मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, टिन रात्रीही निवत नाही आणि उन्हाळी परीक्षा त्याच दिवसांत येतात. रेल्वेच्या फलाटाचा पंखा ही आमच्या गावची सगळ्यात स्वस्त अभ्यासिका आहे.

वारंग्याच्या दोन्ही संस्थांची मुलं बहुतेक आतच, वसतिगृहात राहतात. रविवारी बुटीबोरीच्या चौकात येतात, गळ्यात पट्टा, हातात कॉफी. त्यांच्यातही शेतकऱ्यांची, मजुरांची मुलं असतात, उगाच कोणाला श्रीमंत ठरवण्यात अर्थ नाही. पण आत गेलेल्याला घरमालकाचं तोंड बघावं लागत नाही. फी सत्राची, खोली सत्राची, बँकेच्या शैक्षणिक कर्जात ती बसते कारण तिला संस्थेची पावती असते. बाहेर राहणाऱ्याला पावतीच नसते, आणि पुढचं सगळं घोडं तिथेच अडतं.

कारण मदत नाही असं नाही. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून पैसे मिळतात. आदिवासी मुलांसाठी स्वयं योजना आहे, इतर मागासवर्गीयांसाठी 2023-24 पासून ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आली. अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचा निर्वाह भत्ता आहे. स्वाधारमध्ये नागपूरसारख्या मोठ्या शहरात वर्षाला 60,000 अशी रक्कम ठरली: जेवणाचे 32,000, राहण्याचे 20,000, निर्वाहाचे 8,000. लहान ठिकाणी 43,000, त्यातले राहण्याचे 12,000. भागाकार केला तर सरकारच्या हिशेबाने शहरात खोली 1,667 रुपयांना मिळते आणि बाहेर 1,000 रुपयांना. अशी खोली कोणी दाखवली तर माझं घर विकून मीच तिथे राहायला जाईन.

तरी आलेला पैसा तो पैसा. पण तो यायला आधी भाडेकरार किंवा तसा काही कागद जोडावा लागतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी त्यात घरमालकावर टाकली आहे. आमच्या गल्लीत तो किती जण पाळतात हे मी सांगितलं तर उद्या मला कोणी हळदीकुंकवाला बोलावणार नाही. टिनाच्या लाइनीचा मालक तर रोख घेतो आणि कागदाचं नाव काढलं की दुसरीकडे खोली बघ म्हणतो. म्हणजे ज्याला सगळ्यात स्वस्त खोलीच परवडते त्याला कागद मिळत नाही, आणि कागद नाही म्हणून महागडी खोली परवडावी यासाठी ठेवलेला पैसा मिळत नाही. ज्यांना मिळतो त्यांनाही बहुतेकदा वर्ष सरता सरता. सरकारचाही एक हंगाम आहे. तो मार्चमध्ये निघतो.

आणि सगळंच पैशावर ढकलू नये. किरायाने खोली देताना आडनाव विचारणारे आमच्या गावातही आहेत. आडनावावरून कळलं नाही तर 'तुमच्याकडे कोणते सण असतात' असं विचारतात. 1917 साली बाबासाहेब कोलंबियात शिकून, लंडनमधलं शिक्षण अर्धवट सोडून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. पगार होता, पदवी होती, खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत रोजचा दीड रुपया भरून, पारशी नाव सांगून राहिले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. खोलीच्या किरायासाठी काढलेल्या योजनेला त्यांचं नाव आहे, आणि ती योजना घ्यायला पोरगा आपल्या आडनावाचा दाखला हातात धरून घरमालकाच्या दारात उभा राहतो. योजनेच्या अर्जात उत्पन्नाचा रकाना आहे. या दारातल्या चौकशीचा नाही.

मुलींचं तर खोलीपर्यंतच येत नाही. जुलै 2024 मध्ये सरकारने निर्णय घेतला, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या आर्थिक दुर्बल आणि मागास गटांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ. चांगलं झालं. आमच्या मोलकरणीच्या पोरीला त्यामुळे फार्मसी घेता आली. फी माफ झाली, कॉलेज मात्र नागपूरच्या पलीकडच्या टोकाला. खोलीचा विषय घरात निघाला तेव्हा बाप एवढंच म्हणाला, अपडाऊन कर. एसटीचा सवलतीचा पास काढला. सकाळी सहाला निघते, रात्री सातनंतर येते. वर्धा रोडवर जाम लागला तर आठ. तिचा किराया ती रोज बसच्या दांडीला लटकून भरते. त्याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही म्हणून घरच्यांना ती फुकट शिकते आहे असं वाटतं.

सातारच्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली बोर्डिंग काढलं तेव्हा ते गावोगाव फिरून धान्य गोळा करत. आपल्याला ती फक्त दानाची गोष्ट म्हणून शिकवली. आता वही समोर घेऊन बसले की वाटतं, तो फार व्यवहारी माणूस होता. खळ्यावर रास पडली की शेतकऱ्याकडे मागावं, पेरणीच्या वेळी मागू नये, हे त्यांना ठाऊक होतं. आमच्या पिढीने बोर्डिंगं सोडली आणि खोल्या बांधल्या. खोलीला मास्तर नाही, स्वयंपाकघर नाही, आणि तिला फक्त पाच तारीख समजते.

माझी पाच तारीख बँकेची आहे. कर्जाचा हप्ता त्या दिवशी कापला जातो, त्याला कापूस निघाला की नाही याच्याशी घेणं नाही. त्यामुळे मी मोठी धर्मात्मा असल्याचा आव आणणार नाही. तीन खोल्या महिन्याच्याच आहेत आणि पाच तारखेला सकाळी मी जिन्यात उभी असते. चौथी, पश्चिमेची, आता मी मोसमावर देते. डिपॉझिट नाही, दोन हप्ते: पहिला कापसावर, दुसरा हरभऱ्यावर. करार लेखी, रीतसर नोंदवायचा, खर्च अर्धा अर्धा. शेजारचे म्हणतात, बाई, असं केलं तर सगळेच मागतील. मागतात खरे. एका खोलीला चार-पाच बाप येतात आणि त्यांच्यातून एक निवडताना मी काय बघते ते मलाही नीट सांगता येणार नाही.

या वर्षी समुद्रपूर तालुक्यातले एक जण आले. पांढरा शर्ट, खिशाला फोन, पायात चिखल वाळलेली चप्पल दारातच काढलेली. पोरगा मागे. खोली पाहिली, भिंतीला हात लावला. मी दोन हप्त्यांचं सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं मी थट्टा करते. पुन्हा सांगितलं. थोडा वेळ त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं.

"अन् भाव पडला तं, बाई?"

"तर पहिला हप्ता अर्धा द्या, उरलेला हरभऱ्यात जोडू."

"अन् हरभऱ्याले घाटेअळी लागली तं?"

"तर मला फोन करा. दुकानदाराकडून टाकू नका."

ते हसले. पोरगा तोवर खिडकीपाशी जाऊन बाहेर कूलरचा स्टँड बसेल का ते बघत होता. मी त्याला तिथूनच सांगितलं, कूलरचं सबमीटर वेगळं आहे, त्याचे पैसे मात्र महिन्याच्या महिन्याला.